लिहिणाऱ्याने बघायचं नाही

तळ्यावर जायच्या दिवशी सगळ्यांत आधी तयार व्हायची थर्मासची पिशवी, मग नाना, आणि सगळ्यांत शेवटी सून. तोवर नाना दारात उभे राहून चपला वाजवत असायचे.

"पक्षी काही आपल्यासाठी थांबणार नाहीत, कारकूनबाई."

"पक्ष्यांना कुठे दूध पाजून, शी धुऊन निघावं लागतं, नाना?" म्हणत ती छोटीला नवऱ्याच्या कडेवर द्यायची. नवरा अर्धवट झोपेत असायचा. छोटी मात्र टक्क जागी.

नाना तिचे सासरे. उभा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेला. एका डोळ्याला भिंग अडकवून मुंगीएवढ्या चाकाशी तासन् तास बोलणारा माणूस. सासूबाई गेल्या, पाठोपाठ दुकान बंद झालं, आणि नाना खुर्ची भिंतीकडे वळवून बसायला लागले. जेवण दिलं तर जेवायचे, नाही दिलं तर मागायचे नाहीत. लग्न होऊन आलेल्या सुनेला ते बघवेना. तेव्हाच तिच्या वाचनात आलं की पक्ष्यांच्या महत्त्वाच्या जागांवर लक्ष ठेवायला एका संस्थेला स्वयंसेवक हवेत. महिन्यातून एकदा आपल्या वाट्याच्या जागी जायचं, काय दिसतं ते मोजायचं, जागेला कसला धोका आहे ते बघायचं आणि कळवायचं. तिने दोघांचीही नावं दिली.

नानांनी पहिल्यांदा दुर्बिणीला डोळा लावला तेव्हाच तिला कळलं की आता खुर्ची वळणार.

संस्थेच्या शिबिरात एक रीत शिकवली होती. एकाने बघायचं आणि बोलायचं, दुसऱ्याने लिहायचं. लिहिणाऱ्याने बघायचं नाही. दोघं बघायला लागले की दोघंही एकमेकांना हवं ते दाखवतात. नानांना ते ब्रह्मवाक्यच वाटलं. काठावरच्या दगडी बाकाशेजारी ते दुर्बीण उभी करायचे आणि ती घडीचं स्टूल टाकून तळ्याकडे पाठ करून बसायची. "टिबुकल्या, चार. पाणकोंबडी, पिल्लांसकट. धोके: कुत्रा, एक. माणसं, दोन, गळ टाकून." संपलं की ते डोळा चोळत म्हणायचे, "झालं, कारकूनबाई. चला, चहा." मग ती थर्मास उघडायची. आपण ते तळं डोळ्यांनी कमी आणि कानांनीच जास्त पाहिलंय, असं ती हसून सांगायची.

मग तळ्यावर भराव पडायला लागला. नाना आणि ती दर महिन्याला ते धोक्यांत कळवत राहिले. तक्रारी गेल्या, उत्तरं आली, आणि उत्तरांच्या पाठोपाठ आणखी डंपर आले. पडलेल्या घरांचा राडारोडा, फुटक्या फरश्या, न्हाणीघरांच्या निळ्या टाइल्स. शेवटी वर मुरूम टाकून रोलर फिरवला. जिथे पाणी होतं तिथे परातीसारखं सपाट मैदान झालं. संस्थेच्या संयोजक बाईंचा फोन आला. ही जागा यादीतून काढावी लागेल, पण नियमाप्रमाणे आणखी काही फेऱ्या कराव्या लागतील, काही उरलं नाही हे तरी कळायला हवं.

"आपण जाऊ नये, नाना," ती म्हणाली होती. मेलेल्याचं तोंड पुन्हा पुन्हा कशाला बघायचं, हे ओठांवर आलेलं तिने गिळलं.

"जायचं," नाना म्हणाले. "आजाऱ्याला भेटायला जातो ना आपण."

बाक जागेवरच होता. नानांनी दुर्बीण उभी केली, तिने स्टूल टाकलं. पाठ केली. पाठीमागे नुसतं ऊन होतं, आणि लांब कुठेतरी रोलरची घरघर.

"टिबुकल्या, सहा," नाना म्हणाले.

तिने लिहिलं. हाताची सवय. लिहून झाल्यावर पेन्सिल थांबली.

"पाणकावळा, एक. पंख वाळवतोय. शेकाट्या, जोडी."

तिने मान वळवून बघितलं. मुरूम. मुरमातून वर आलेला एक निळा टाइलचा तुकडा. नाना दुर्बिणीवर वाकले होते आणि त्यांचा चेहरा बंद घड्याळ पुन्हा चालू झाल्यावर घड्याळजीचा व्हावा तसा झाला होता.

ती परत वळली आणि लिहीत राहिली. दुसरं काय करणार होती?

घरी नवऱ्याने ऐकून घेतलं. बराच वेळ छोटीच्या पायाची बोटं एकेक करून दाबत राहिला. "डॉक्टरला दाखवू," म्हणाला. डॉक्टरांनी डोळे तपासले, वार विचारले, शंभरातून सात सात वजा करायला लावले. नानांनी वजाबाक्या केल्या आणि शेवटी डॉक्टरांच्या भिंतीवरचं घड्याळ मागे पडतंय तेही सांगितलं. "मला या वयात असं डोकं मिळालं तर मी पेढे वाटीन," डॉक्टर म्हणाले.

"मग त्यांना दिसतं ते काय?" जिन्यात नवऱ्याने विचारलं.

"आठवण असेल," ती म्हणाली. "माणूस आठवणच बघतो रे." तिला स्वतःला ते पटलं नव्हतं. आठवणीत पिल्लं मोठी होत नाहीत. नानांची होत होती. मागच्या फेरीला कापसाच्या बोंडाएवढी असलेली पिल्लं पुढच्या फेरीला आईमागे बुड्या मारत होती आणि त्यांतलं एक कमी झालं होतं. ते सांगताना नानांचा आवाज बसला होता.

ही सगळी टिपणं तिने संयोजक बाईंना पाठवलीच नाहीत. प्रत्येक वेळी 'काही नाही' एवढंच कळवलं, आणि कळवताना दर वेळी आपण घरातल्याच कुणाची चहाडी करतोय असं तिला वाटलं. तळं गेलं ते गेलंच. पण नाना पुन्हा भिंतीकडे वळले तर त्यांना परत कसं वळवायचं, ते तिला ठाऊक नव्हतं.

एकदा तिने रीत मोडली. नाना पाठीला रग लागली म्हणून उभे राहिले तेव्हा तिने पुढे होऊन दुर्बिणीला डोळा लावला. मुरूम. त्यावरून तिरका चालत गेलेला एक कुत्रा.

"दिसलं?" मागून नानांनी विचारलं.

"हो."

"खोटं बोलू नकोस, पोरी. तुला कुत्रा दिसला असेल." ते हसत होते. "तोही आहे. लिही."

ती स्टुलावर येऊन बसली. डोळ्याखाली काहीतरी ओलं लागलं होतं. तिने बोटाने टिपलं. बोटावर शेवाळाचा हिरवा ठिपका होता, आणि बोटाला वास येत होता तो तळ्याच्या गाळाचा, तीन वर्षं तिने पाठमोरी बसून घेतलेला.

ते तिने नवऱ्याला सांगितलं नाही.

त्यानंतरच्या फेरीला नानांनी दुर्बीण बाकाच्या अलीकडे घेतली. "पाणी चढलंय," म्हणाले. बसताना त्यांनी पाय वर घेतले, ओल्या फरशीवर घेतो तसे. ते बोलत गेले. त्यांतली काही नावं तिने कधी ऐकलीही नव्हती. माझ्या आजोबांनी सांगितलेले पक्षी आहेत हे, नाना म्हणाले, मला वाटायचं म्हातारा थापा मारतो. मग ते हळूच म्हणाले, "अगं, पलीकडच्या काठावर कुणीतरी दुर्बीण लावून बसलंय."

तिची पेन्सिल थांबली. पलीकडे काठ नव्हता. पलीकडे पत्र्याचं कुंपण होतं.

"काय बघतंय?"

"आपल्याला," नाना खुशीत म्हणाले. "आपल्याला मोजतोय लेकाचा. लिही, माणूस, एक." त्यांनी हात हलवला, उत्तराची वाट बघितली. "एकटाच आहे. लिहायला कुणी नाही बिचाऱ्याला."

"ओळखीचा आहे?"

"चेहरा दुर्बिणीमागे. पण बसतो कसा, बघ. अगदी घड्याळजी."

परतताना ते रस्ताभर बोलत होते, आणि ती त्यांच्या विजारीच्या काठांकडे बघत होती. काठ ओले होते. आणि ऊन तर असं की रस्त्यावरचं डांबर मऊ झालं होतं.

पुढच्या फेरीला जायचंच नाही असं तिने ठरवलं. छोटीला ताप होता, निमित्त आयतंच होतं. पण नाना सकाळी दारात चपला वाजवत उभे, आणि ताप उतरलेली छोटी त्यांच्या खांद्यावर. तिचा पाय निघेना आणि नानांना नाहीही म्हणवेना.

त्या दिवशी ते फार थोडं बोलले. बदकं, पाणकोंबड्या. मग म्हणाले, "आज त्याला कारकून मिळाली."

"कुणाला?"

"पलीकडच्याला. बाई आहे. स्टुलावर बसलीय." ते थांबले. "पाठमोरी. चेहरा दिसत नाही."

पेन्सिल टेकवून ती पुढच्या नावाची वाट बघत राहिली. तिने वळून बघितलं. नानांनी डोळा दुर्बिणीवरून काढला होता आणि ते तिच्या पाठीकडे बघत होते. तिच्या वेणीकडे, खांद्यावरून घसरलेल्या पदराकडे. मग त्यांनी पुन्हा दुर्बिणीतून बघितलं. पुन्हा तिच्याकडे.

"काय झालं, नाना?"

"काही नाही," ते म्हणाले. "उन्हाने डोळे दुखले." त्या दिवशी 'झालं' म्हणायचं राहूनच गेलं. थर्मास भरलेलाच घरी आला.

दुसऱ्या दिवशी ती उठली तेव्हा दार नुसतं ओढून घेतलेलं होतं. नानांचं अंथरूण घडी घातलेलं. दुर्बीण नव्हती.

रोलरवाल्याने सांगितलं, म्हातारेबुवा बाकाजवळ बसले होते, हात हलवत होते, कुणाला ते मला कळलं नाही. मी रोलर वळवून येतो तोवर नव्हते. पोलिसांनी कुंपणापर्यंत सगळं पालथं घातलं. सापडल्या त्या फक्त चपला. बाकासमोर, मैदानाच्या अगदी कडेला, जोडीने काढून ठेवलेल्या. पाण्यात पाय टाकायच्या आधी माणूस ठेवतो तशा.

नवरा रोज संध्याकाळी त्या मैदानावर जाऊन टाचेने मुरूम उकरून बघायचा. दगडासारखा घट्ट. घरी आला की म्हणायचा, "इथे काही बुडू शकत नाही गं." हे तो तिला सांगायचा की स्वतःला, कोण जाणे. छोटी नानांच्या खुर्चीला धरून उभी राहायला शिकली. खुर्चीची पाठ भिंतीलाच होती, तोंड घराकडे.

संयोजक बाईंचा पुन्हा फोन आला तेव्हा त्या चाचरत बोलल्या. शेवटची एकच फेरी बाकी आहे, तुम्ही नका जाऊ, मी दुसऱ्या कुणाला पाठवते.

"मीच जाते," ती म्हणाली.

नवऱ्याने यायचा हट्ट धरला. तिने छोटी त्याच्या हातात दिली. "दोघं बघायला लागलो की गडबड होते," म्हणाली.

बाकाजवळ तिने स्टूल टाकलं. तळ्याकडे पाठ केली. मांडीवर कागद, हातात पेन्सिल. ऊन कोवळं होतं. आज रोलरही नव्हता. आपण काही वेळ बसू, मग उठून जाऊ, असं तिने मनाशी म्हटलं. तिला नानांकडून फक्त एक वाक्य हवं होतं. ते राहून गेलं होतं.

"टिबुकल्या," लांबून आवाज आला. "पाच."

पाण्यावरून येतो तसा, लांबचा पण स्वच्छ. नानांचाच.

तिने लिहिलं. अक्षर वाकडं आलं.

"पाणकोंबडी, पिल्लांसकट."

तिने लिहिलं. डोळे भरून आले होते तरी लिहिलं. वळून बघितलं तर मुरूम दिसेल हे तिला ठाऊक होतं. म्हणून ती वळली नाही. जोवर लिहीत होती तोवर नाना होते.

"पाणकावळा, एक."

वारा आला. गाळाचा वास आला.

"धोके," नाना म्हणाले. "माणूस, एक. पलीकडच्या काठावर इतके दिवस कुणी नव्हतं, आज दिसतंय. बाई आहे. पाठमोरी."

ती हलली नाही.

"ओळखीची?" पलीकडून कुणीतरी विचारलं.

"नाही गं. परकी आहे. एकटीच बसलीय बिचारी, बघायलाही कुणी नाही तिच्यासोबत."

"नाना," ती म्हणाली. आवाज तिच्या तोंडाशीच राहिला.

"झालं, कारकूनबाई," नाना म्हणाले. "चला, चहा."

तिने मान वर केली. पण उत्तर आलं ते पाण्यापलीकडून, हसत, तिच्याच आवाजात.

"आले, नाना."

मग स्टूल घडी केल्याचा आवाज आला. तिचं स्टूल तिच्या खालीच होतं.