नगाऱ्याला शिकवलेला ‘बास’

“थांब! अजून नाही! त्याला दम घेऊ दे... आत्ता! म्हण!”

“बास!” मनू ओरडली.

“अगं, ओरडतेस काय? त्याला वाटेल, तूही भुंकायला लागलीस!” शकिला खळखळून हसली.

बांधावरच्या सरड्याकडे बघून नगाऱ्याने पुन्हा सूर लावला. भुंकता भुंकता दम घ्यायला त्याने तोंड मिटलं. तेवढ्यात मनू हलक्या आवाजात म्हणाली, “बास, राजा, बास,” आणि तिने सुक्या बोंबलाचा तुकडा त्याच्या नाकापुढे धरला. नगाऱ्या गप्प! सरडा समोरून तुरुतुरु निघून गेला, तरी गप्प!

“जमलं!” गोरक्षने टुणकन उडी मारली. “आमच्या कोपरगावला असता ना, तर उसाच्या मळ्यात त्याचं तोंडच बांधून ठेवलं असतं!”

“म्हणजे चोर आला तरी गप्प! वा रे शहाण्या!” मनू म्हणाली.

ते एकाहत्तर सालचे मे महिन्याचे दिवस होते. राजूरपासून कोसभर वर, डोंगराच्या कुशीत मनूची वाडी. मनू, म्हणजे मनकर्णा, बारा वर्षांची. गोरक्ष तिचा मावसभाऊ. शकिला ही राजूरच्या खाजाभाई बांगडीवाल्यांची मुलगी, मनूच्याच वर्गातली. दोघं सुट्टीला राहायला आली होती. हे हिरड्याचे दिवस. मोठी माणसं पहाटेच रानात जायची, झाडांवरून कोवळा हिरडा पाडायची आणि घरापुढच्या कातळावर वाळत घालायची. वर्षाचं मीठमिरची आणि कापडचोपड त्या हिरड्यावरच यायचं. दुपारी मुलं ओढ्यावर डुंबायला गेली की राखणीला घरी एकटा नगाऱ्या.

राखण तो करायचा, पण कशी? पान पडलं, भुंक! कोंबडी शिंकली, भुंक! शेजारच्या मालनबाईंच्या तान्ह्या नातवाचा दुपारभर डोळ्याला डोळा लागत नव्हता. एकदा मनूच्या वडिलांनी, रंगनाथ आबांनी, काठी उगारली. मग नगाऱ्या दिवसभर कणगीमागे दडून बसला आणि परका बैल हिरडा तुडवून गेला तरी हूं की चूं नाही! शेवटी आबा म्हणाले, “बाजारच्या दिवसापत्तुर ह्याचं आटोक्यात आलं तर ठीक. न्हाईतर मेंढरंवाल्याला देऊन टाकतो.”

म्हणून तर ही शिकवणी चालली होती.

“लई भारी, मने!” मागून टाळ्या वाजल्या. छगनमामा! राजूर-भंडारदरा जीप चालवणारा, आईचा चुलतभाऊ. जीप थांबली की तो मनूला पुढच्या सीटवर बसवायचा. नगाऱ्याला पिल्लू असताना आपल्या मफलरमध्ये गुंडाळून त्यानेच आणलं होतं. “मला पन दाव की कसं करतीस ते!”

मनूला कोण आनंद झाला! तिने मामाच्या हातात बोंबील दिला, शब्द सांगितला, आवाज किती हलका ठेवायचा तेही सांगितलं. मामाने पहिल्याच फटक्यात नगाऱ्याला गप्प केलं.

“मास्तरीन हाय गं तू!” मामा म्हणाला. मनू दिवसभर हवेत होती.

शिकवणीच्या पाचव्या दिवशी आई, राहीबाई, कातळाशी येऊन थबकली. “हिरडा कमी दिसतोय का गं?”

“वाळला की आटतोच तो. उगं काय?” आबा म्हणाले.

मनू मात्र वाकून बघत राहिली. “नाही आबा! आटला तर प्रत्येक फळ बारीक होईल आणि सगळीकडे सारख्या फटी पडतील. हे बघा, इकडे फळाला फळ लागून आहे आणि त्या कडेला हातभर कातळ उघडा! कुणीतरी भरून नेलाय!”

आबांनी वाकून पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला आणि मग तापला. “अस्सं! चोर आला, हिरडा भरला, गेला. अन् हे कुत्रं? तुमी त्याला मुकं करून ठेवलं! आता तर त्याला ठेवनारच न्हाई मी!”

मनूने शोधून काढलं ते खरं होतं, पण ते उलटलं नगाऱ्यावरच! ती आबांच्या वाटेत उभी राहिली. “आबा, बाजाराला तीन दिवस आहेत. तेवढे तरी द्या!”

आबा उरलेला हिरडा हाताने सारखा करू लागले. नाही म्हणाले नाहीत एवढंच.

मुलं कातळाभोवती फिरू लागली. करवंदीच्या जाळीशी गोरक्ष ओरडला, “हे बघा! बोंबलाची डोकी!”

“आपण डोकी कधीच देत नाही. त्याच्या घशाला टोचतात,” मनू म्हणाली. “हे कुणीतरी वेगळ्यानेच घातलंय.”

“पण ‘बास’ म्हटल्याशिवाय तो गप्प कसा बसेल? तो शब्द आपल्या तिघांनाच माहीत आहे!” गोरक्षने डोकं खाजवलं.

शकिला खाली बघत हळूच म्हणाली, “आणि छगनमामाला.”

“शकिले!” मनूचे डोळे पेटले. “मामाचं नाव घ्यायचं नाही! त्याने नगाऱ्या दिलाय मला. तो असं करेल?”

“तो नसला तर मलाही बरंच वाटेल गं.”

मनू तोंड फिरवून नगाऱ्याशेजारी जाऊन बसली. मामा नाहीच! मग त्या ‘बास’चा आवाज किती हलका ठेवायचा, हे चोराला कुणी सांगितलं? विचार झटकला तरी पुन्हा येऊन बसत होता. बऱ्याच वेळाने ती उठून आली.

“ऐका,” ती म्हणाली. “चूक आपली आहे. भुंकणं म्हणजे नगाऱ्याचं सांगणं असतं. कुणीतरी आलंय, या, बघा! आपण काय केलं? त्याचं सांगणं ऐकून न घेताच गप्प बस म्हणालो. आणि ‘बास’ कुणी म्हणायचं, हे तर शिकवलंच नाही. जो म्हणेल त्याचा तो झाला!”

“मग आता?”

“आता नवीन धडा. तुम्ही दोघं ‘बास’ म्हणा, बोंबील दाखवा, आणि तो जवळ आला की मूठ बंद! मी घरातून येईपर्यंत त्याने भुंकत राहायचं. मी यायचं, काय आहे ते बघायचं, पाठीवर हात ठेवायचा, मग ‘बास’. त्यानंतर तो गप्प बसला की अंडं. तेही हातातून नाही, त्याच्या परातीत!”

“अंडं! इथे मला पाहुण्याला रोज डाळ!” गोरक्ष कुरकुरला.

दोन दिवस धडे चालले. पहिल्या दिवशी नगाऱ्या बंद मुठीपुढे शेपूट हलवत बसून राहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र त्याने गोरक्षच्या मुठीला हुंगलं, तोंड फिरवलं आणि घराकडे बघून भुंकला! मनू धावत आली. “पाहिलं मी. बास.” नगाऱ्या गप्प होऊन परातीशी जाऊन बसला.

तिसऱ्या दिवशी आबा पहाटेच रानात गेले. सकाळी छगनमामा ओसरीवर चहा पीत होता. मनू त्याच्यासमोर आईला मोठ्याने म्हणाली, “आज आम्हीही रानात येणार गं!” सगळे निघाले. मुलं मात्र ओढ्यापासून मागे फिरली आणि गोठ्यात गवताआड जाऊन बसली. मनू मनात एकच म्हणत होती, दुसरा कुणीही येऊ दे. कुणीही!

ऊन माथ्यावर आलं. वाडी सुनसान झाली. तेवढ्यात नगाऱ्या भुंकला!

करवंदीच्या जाळीमागून पोतं घेऊन छगनमामाच आला.

“बास, राजा, बास,” तो म्हणाला. हुबेहूब मनूने शिकवलेल्या आवाजात! त्याने बोंबील पुढे केला.

नगाऱ्या थांबला. दोन पावलं पुढे गेला, हुंगलं. शकिलाने मनूचा हात घट्ट धरला. मामाने निवांतपणे पोतं उघडलं आणि हिरडा ओंजळीने भरायला सुरुवात केली. नगाऱ्याने बोंबलाकडे पाहिलं, मामाकडे पाहिलं, मग मागे सरला आणि असा भुंकला, असा भुंकला, की समोरच्या डोंगरावरून आवाज परत आला!

“बास म्हनलं ना! ए, बास!” मामा चिडला. नगाऱ्या काही थांबेना.

मनू गोठ्यातून बाहेर आली. तिने नगाऱ्याच्या पाठीवर हात ठेवला. “पाहिलं मी. बास.”

एकदम शांतता झाली.

“अगं मने!” मामाने हसू आणलं. “तुझ्या आबांनीच सांगितलं, हिरडा सावलीत भरून ठिव म्हनून...”

“रंगनाथ तर तू यायच्या आधी, पहाटंच माझ्यादेखत रानात गेला. तुला कवा भेटला रं?” नातवाला कडेवर घेऊन मालनबाई बांधावर उभ्या होत्या. आवाजाने दोघंही उठली होती. गोरक्ष तर केव्हाच आबांना बोलवायला रानाकडे पळाला होता.

मनूच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं, पण आवाज हलला नाही. “मामा, मला दाखव म्हणालास, तेव्हाच ठरवलं होतंस?”

मामाने खाली पाहिलं. हातातला हिरडा त्याने परत कातळावर टाकला.

आबा आले, आई आली. पोतं बघून आई एवढंच म्हणाली, “भाऊ म्हनून भाकर वाढली रं तुला.” आबांनी जीपमधली, बाजारासाठी दडवलेली आधीची दोन पोती उतरवून घेतली आणि म्हणाले, “पुन्हा ह्या वाडीत गाडी थांबवू नगंस.”

मग ते मनूकडे वळले. “पोरी, मी कुत्र्याला दोष दिला. चोर माझ्याच वसरीवर चहा पीत हुता. तुमी तिघं आमा मोठ्यांपरीस शानी निघालात!” त्यांनी शकिलाच्या आणि गोरक्षच्या पाठीवर थाप मारली. “नगाऱ्या कुठं जात न्हाई. हितंच ऱ्हानार!”

“अंडीही चालू राहणार?” गोरक्षने विचारलं. “आणि एखादं मला?”

सगळे हसले. मनूला हसू आलं नाही. ज्याने हे पिल्लू तिच्या ओंजळीत ठेवलं होतं, तो मान खाली घालून जीपमध्ये चढत होता.

जीप सुरू झाली, तसा नगाऱ्या बांधावर धावला आणि तिच्यामागे भुंकू लागला. मालनबाईंच्या कडेवरचं लेकरू दचकून रडायला लागलं.

“मने, म्हन की बास,” आबा म्हणाले.

“राहू द्या,” मालनबाई लेकराला थोपटत म्हणाल्या. “भुंकू द्या त्याला.”

मनू बांधावर जाऊन नगाऱ्याशेजारी उभी राहिली. जीप वळणाआड जाईपर्यंत ती बघत होती. धूळ खाली बसली. तेव्हा तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

“पाहिलं मी,” ती म्हणाली. “बास.”