बुडालेले मोह

मोहफुलांच्या दिवसांत बोदलकसा तलावाच्या काठी संध्याकाळ पडली की लोक झाडाखालचा पाला जाळतात. पहाटे टपटपणारी फुलं मग काळ्या भुईवर उठून दिसतात, वेचायला सोपी जातात. झाडं घराघरांत वाटलेली. ज्याचं झाड, विस्तवही त्याचाच.

त्याच दिवसांत रात्री उतरण्याचा सराव करणारं एक हेलिकॉप्टर या तलावात बुडालं. वैमानिक देवेंद्र पोहून वाचला. त्याच्याकडे शिकणारी दिव्या सापडेना. विमान अपघातांचा तपास करणारा म्हणून चौकशीला मला पाठवलं.

दवाखान्यात देवेंद्र एकच सांगत राहिला. खाली सरळ रांगेत दिवे होते, सरावाच्या मैदानावर असतात तसे.

"सर, मी जमिनीवर उतरलो होतो. धक्कासुद्धा बसला नाही. दिव्या दार उघडून खाली गेली. पाणी नंतर आलं."

डोक्याला मार लागलेला माणूस, असं मी धरून चाललो. पण रांग कुणीतरी पेटवली असणारच. त्या संध्याकाळी आगपेटी घेऊन तलावाकडे गेलेला गावातला खुमेंद्र ठाण्यात बसवलेला होता. माझ्या शब्दावर त्याची सुटका अडली होती.

त्याची आई सुखवंता मला त्यांचे मोह दाखवायला आली. माझ्या बुटांकडे बघून बांधावरूनच दाखवले तिनं. बाई काहीतरी झाकते आहे, असं सारखं वाटत होतं. झाडांखाली पाला मात्र घोटाभर, वाळका, जसाच्या तसा.

"मग तुमच्या पोरानं आग लावली कुठं?"

"लावलीच नाइ, साहेब. जाऊन राहिला होता, तं पाण्यात उजेड दिसला त्याले. भेऊन परत आला."

"पाण्यात कसला उजेड?"

तिनं तलावाकडे पाहिलं. वाऱ्यानं पाला सरकला. मग हळूच म्हणाली, "आमचे जुने मोह तथीच होते. तलाव झाला तवा बुडाले."

पोराला वाचवायला आई काहीही बोलेल, असं मी मनाशी म्हटलं.

दुपारी क्रेननं हेलिकॉप्टर काठावर ओढलं. दारातून गढूळ पाणी ओघळत राहिलं. दिव्याच्या खुर्चीचा पट्टा तुटला नव्हता. सोडलेला होता.

दाराशी तिचे बूट. नाड्या सोडून, टाचा जुळवून, खुर्चीखालच्या दांडीत नीट अडकवून ठेवलेले.

"बूट कायले काढले हिनं?" ठाण्याचे फौजदार पुटपुटले.

सुखवंता माझ्या मागे उभी होती.

"मोहाखाली जोडे घालून कोनी जाते का?"

फौजदारांनी विचारलं, पोराचं काय करायचं.

सोडा, म्हणालो मी.

बुटात हात घातला. आत मोजे होते, घडी केलेले.

कोरडे.