जाणतं ताट

“शालन, पालेभाजी अजून अर्धी वाटी घ्या. अंडं राहिलंय,” ताट म्हणालं.

ताट बोलतं याचं बार्शीजवळच्या त्या गावात आता कुणाला नवल उरलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी पोषण योजनेतून घरोघरी ही जाणती ताटं आली होती. कडेच्या चकतीवर अंगठा टेकवला की जेवायला कोण बसलंय ते ताटाला कळायचं. तळाला वजनकाटा होता, काठात वाटाण्याएवढा डोळा. काय वाढलं, किती संपलं, सगळी नोंद पुण्याच्या केंद्रातल्या यंत्रबुद्धीकडे जायची. ती या नोंदी दर महिन्याच्या रक्ततपासणीशी ताडून बघायची आणि ज्याच्या अंगी जे लागतं ते त्याच्या वाट्याला, असा पुढच्या महिन्याचा शिधा धाडायची. कागदावर बघाल तर याहून शहाणी योजना शोधून सापडायची नाही.

आरोग्यसेविका निर्मला भालशंकर मात्र दारात उभी राहून हातातल्या टॅबवरचा आकडा पुन्हा पुन्हा वाचत होती. शालनला सातवा महिना, आणि रक्तातलं हिमोग्लोबिन सहा पॉइंट चार. गेल्या महिन्यात सात होतं. नोंदीप्रमाणे ही बाई रोज दोन अंडी, मूठभर शेंगदाणे, वाटीभर डाळ आणि राजगिऱ्याची भाजी खात होती. मग ते सगळं जात होतं कुठं?

“या की सिस्टर, जेवणंच चाललीत,” सासू गिरजाबाई म्हणाल्या.

ताटानं सांगितल्याप्रमाणे शालननं भाजी वाढली, अंडं सोलून ठेवलं, आणि भरलेलं ताट उचलून नवऱ्यापुढं सरकवलं. लपवाछपवी नाही की काही नाही. दिगंबर अडतीतून पोती वाहून आला होता. त्याचं स्वतःचं ताट केव्हाच रिकामं झालं होतं. तो खाली मान घालून हेही खाऊ लागला.

“शालन, आणि तू गं?” निर्मलानं विचारलं.

“मी मागनं जेवते की. भाकरी हाय, चटणी हाय. मला अंड्याचा वास सोसत न्हाई.”

हे बोलताना तिची नजर अंड्यावरच होती. निर्मलाचं डोकं फिरलं. “अगं माझे आई, ते ताट अंगठा ओळखतं, तोंड नाही ओळखत!”

“त्यो पोती उचलतोय,” गिरजाबाई म्हणाल्या. “आन् आम्ही काय अंडी खाऊन बाळंत झालो व्हय?”

निर्मला उंबऱ्यातच टेकली. सकाळी आलेल्या आदेशाचा अर्थ तिला आता लागला. यंत्रबुद्धीनं जिल्ह्यातल्या चाळीस हजार बायकांच्या नोंदी तपासून निष्कर्ष काढला होता, की हा आहार बायकांच्या अंगी लागत नाही, पुरुषांच्या लागतो. म्हणून सोमवारपासून बायकांची अंडी बंद, डाळ निम्मी, आणि तो शिधा पुरुषांना. यंत्रानं काही खोटं केलं नव्हतं. त्याला जे दाखवलं तेच ते शिकलं. चाळीस हजार घरांत कुणीतरी अंगठा टेकवून ताट पुढं सरकवत होतं, एवढंच त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

“ऐक शालन,” ती म्हणाली. “बाळंतपणात रक्त गेलं, तर तालुक्याला पोचेपर्यंत तू हाती लागायची नाहीस. ही अंडी बंद होऊन चालणार नाही. पन्नास बायकांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं, की माझं ताट मी खात नाही, तर आदेश थांबतो. शनिवारपर्यंत मुदत आहे. एवढं एक वाक्य बोल.”

दिगंबरचा घास हातातच राहिला. “मला काय म्हाईत हे तिचं हाय? ती वाढते, मी खातो.” मग टॅबकडं बघून तो चरकला. “म्हंजे आम्ही गरवार बाईला उपाशी मारतो असं सरकारदरबारी लिवणार?”

शालननं पदर सारखा केला. तिनं नवऱ्याकडं पाहिलं, सासूकडं पाहिलं, आणि टॅबजवळ तोंड नेऊन ठणठणीत आवाजात म्हणाली, “माझं ताट मीच खाते. लिवा सिस्टर.”

निर्मला त्या दिवशी आणखी सतरा घरं फिरली. कुणी हसून टाळलं, कुणी दार लोटून घेतलं. एक बाई तर म्हणाली, “घराची अब्रू काय अंड्यावर टांगू?” बोलायला मात्र एकही तयार होईना. रागानं आणि भीतीनं निर्मलाला रडू यायचं बाकी होतं.

चारच्या सुमारास ती उपकेंद्राच्या ओसरीवर येऊन बसली. जबाब शून्य. कुणीतरी पहिलं व्हायलाच हवं, असं मनाशी म्हणत तिनं स्वतःचं नाव उघडलं.

“निर्मला भालशंकर, वय बेचाळीस, रक्त आठ पॉइंट दोन,” टॅब म्हणाला. “तुमचं ताट कोण खातं?”

“मीच,” असं ओठांवर आलं आणि ती थबकली. सकाळी तिनं अंगठा टेकवला होता, दूध आणि अंडी नवऱ्याला दिली होती, आणि गॅसपाशी उभ्यानंच रात्रीची पोळी चहाबरोबर खाल्ली होती. कालही तसंच, परवाही तसंच. ‘बाई गं, आधी तू जेव,’ हे गावाला सांगण्यात तिची वीस वर्षं गेली होती.

फाटकाशी मोटरसायकल थांबली. प्राथमिक शाळेत गुरुजी असलेला तिचा नवरा तिला न्यायला आला होता. तो पायऱ्या चढून आला आणि तिच्या खांद्यावरून टॅबमध्ये डोकावला.

“काय गं, काय विचारतंय ते?”

टॅबनं पुन्हा विचारलं, “निर्मलाताई, तुमचं ताट कोण खातं?”