इंजिनामागची जागा

बातमी आली तेव्हा मिस्त्री एका मासेमारी बोटीच्या इंजिनखणात उताणा पडून बायकोची वाट बघत होता. पंपाचा मागचा बोल्ट त्याच्या हाताला लागत नव्हता. इंजिनाच्या मागची बाजू म्हणजे तिचा प्रांत, तिचा बारीक डावरा हात तिथे सहज जायचा. ती बेटावर बहिणीकडे गेली होती, दुपारच्या बोटीने परत यायची होती. खणाच्या तोंडाशी पावलं वाजली तसा तो आतूनच म्हणाला, "आलीस? आधी तेराचा पाना दे."

पाना आला नाही. बंदरावरच्या साहेबांचा आवाज आला, "मिस्त्री, जरा वर या."

साहेब आजवर त्याला कधी 'या' म्हणाले नव्हते. मिस्त्री बोल्ट तसाच सोडून वर आला.

प्रवासी बोट बेट आणि किनारा यांच्या मधोमध, पाण्याच्या ऐन ओढीच्या जागी बंद पडली होती. इंजिन तापलं होतं. बोट खडकांकडे वाहत चालली, बोटवाला नांगराशी झटत होता, तेवढ्यात मिस्त्रीची बायको पदर खोचून इंजिनाच्या मागे शिरली. दुसरी बोट आली, सगळ्यांना उतरवून घेतलं, आणि मग बोट खडकाला लागून कलंडली. मिस्त्रीची बायको तेवढी आत राहिली. ओहोटीला बोट ओढून आणली तर खण रिकामा. पाण्याच्या ओढीने नेलं, असं सगळे म्हणाले. मिस्त्रीही तसंच म्हणाला. खणाच्या फळीला मात्र तिच्या चपला अडकून राहिल्या होत्या, दोन्ही.

बोटवाला पुढे कितीतरी दिवस मिस्त्रीच्या दारात येऊन नुसता बसायचा. शेवटी म्हणाला, "मी ती बोट मोडीत काढतो. मला तिच्याकडे बघवत नाही."

"मोडायची नाही," मिस्त्री म्हणाला. "मी दुरुस्त करतो."

साहेबांनी एकच अट घातली. चाचणीच्या फेरीत इंजिन तापलं, तर बोट भंगारात. मिस्त्रीने मान डोलावली. बायको शेवटची त्या बोटीत होती. ती बोट तुटता कामा नये आणि पुन्हा मधोमध थांबताही कामा नये. याच्यापलीकडे त्याला काही मागायचं नव्हतं.

दोष कुठे होता ते त्याने इंजिन उघडताच ओळखलं. थंड करायला समुद्राचंच पाणी इंजिनातून फिरत होतं. किटलीच्या तळाला थर बसावा तसं मीठ पाण्याच्या आतल्या वाटांत बसलं होतं. उपाय होता. इंजिनाला त्याचं स्वतःचं गोडं पाणी द्यायचं, बंद नळ्यांतून तेच तेच फिरवायचं, आणि समुद्राचं पाणी फक्त एका पितळी नळकांड्यातल्या बारीक नळ्यांतून नेऊन त्या गोड्या पाण्याची ऊब काढून घ्यायची. दोन पाणी शेजारून जातात, एकमेकांत मिसळत नाहीत.

बोटवाल्याने ते पितळ हातात घेऊन पाहिलं. "इंजिनाला प्यायला वेगळं पाणी! माझ्या घरात माझे एवढे लाड नाहीत."

"तू तापलास की तुझं तोंड बंद पडत नाही ना, म्हणून," मिस्त्री म्हणाला. ती गेल्यानंतर दोघं पहिल्यांदा हसले.

अडचण जागेची होती. वर झाकण टेकत होतं, बाजूला टाकी. नळकांडं बसेल अशी जागा एकच, इंजिनाच्या मागे, लाकडी भिंतीला लागून. मिस्त्रीने आधी खोक्याच्या पुठ्ठ्याचं नळकांडं केलं. ही तिची शिकवण. "पुठ्ठा अडला तर दुमडतो, पितळ अडलं तर तू चिडतोस," असं ती म्हणायची. पुठ्ठा बसला. मग पितळही बसलं. पण मागच्या पाइपाची क्लिप आवळायला त्याचा हात कोपरापर्यंतच जायचा.

पूर्वी अशी कामं दोघं ठोक्यांवर करायचे. इंजिन चालू असताना बोटीवर आवाज पोचत नाही, म्हणून फळीवर पान्याने ठोकायचं. एक म्हणजे धर, आणि मागून उलट एक आला म्हणजे धरलंय. दोन म्हणजे फिरव. तीन म्हणजे झालं, ये बाहेर. तीन ठोके पुढच्यानेच द्यायचे, कारण सगळं त्यालाच दिसतं, आणि ते मिळेपर्यंत मागच्याने हात सोडायचा नाही. एकदा मिस्त्री तीन ठोके द्यायला विसरला आणि चहाला गेला. परत आला तर ती तशीच पंप धरून बसलेली. "मला इंजिनाबरोबर विकायचा विचार होता का?" म्हणाली. पण हात सोडला नव्हता.

त्या दुपारी तो खणात पालथा पडला होता. नजर क्लिपवर. मागे हात करून तो सवयीने म्हणाला, "तेराचा."

पाना हातात आला. मूठ त्याच्याकडे, जबडा पलीकडे.

त्याने वळून पाहिलं. ऊन पडलं होतं. बोटवाला लांब धक्क्यावर दोर गुंडाळत होता. आपणच पाना तिथे ठेवला असणार, असं मिस्त्रीने ठरवलं आणि कामाला लागला. क्लिप काही आवळली गेली नाही. आरसा लावून झाला, लांब दांडी लावून झाली, बोटांची सालं निघाली. उद्या अख्खं इंजिन उचलायचं, असं मनाशी म्हणत तो चहाला गेला.

परत आला तर क्लिप आवळलेली होती.

आरशातून त्याने बराच वेळ पाहिलं. स्क्रूचं डोकं भिंतीकडे होतं. मागे बसलेला डावरा माणूस आवळेल तसं.

"तू खणात उतरला होतास?" त्याने बोटवाल्याला विचारलं.

"मी?" बोटवाल्याने पंजा पुढे केला. "हे घमेलं त्या फटीत जाईल?"

मिस्त्रीने नळ्यांत पाणी भरलं. पाण्याचा दाब देऊन पाहिला. एक थेंब गळला नाही.

चाचणीला साहेब स्वतः आले आणि तापमानाच्या काट्यासमोर ठाण मांडून बसले. बेटाच्या धक्क्यावर माणसं जमली होती. त्यांत मिस्त्रीची मेव्हणी होती. या बोटीत जन्मात पाय ठेवणार नाही, असं ती म्हणाली होती.

निम्म्या वाटेपर्यंत काटा जागचा हलला नाही. ओढीची जागा आली. बोट हेलकावली आणि काटा चढू लागला.

"मिस्त्री," साहेब म्हणाले.

मिस्त्री खणात उतरला. गोड्या पाण्यात कुठेतरी हवा अडकली होती. हवा काढायचा स्क्रू नळकांड्याच्या माथ्यावर, पार मागे. त्याने हात घातला. कोपर अडलं. गरम लोखंडाने दंड भाजला.

"लाल रेषेला आला!" वरून बोटवाला ओरडला. "बंद करू?"

बंद केलं की ओढ आणि खडक.

"थांब!"

त्याच्या उजव्या हातात पाना होता. त्याने फळीवर ठोकलं. दोन.

काही नाही. नुसतं इंजिन.

मग फुस्स आवाज झाला. हवा सुटली. बराच वेळ सुटत राहिली, आणि तिच्या पाठोपाठ पाण्याची चिळकांडी भिंतीवर उडाली.

त्याने पुन्हा दोन ठोके दिले. चिळकांडी थांबली.

इंजिनाच्या मागून एक ठोका आला.

"उतरला!" वर बोटवाला नाचत होता. "मिस्त्री, काटा उतरला! साहेब, बघा ना, बघा!"

बेटावर बोट लागली तेव्हा लोकांनी टाळ्या पिटल्या. कोणीतरी बोटवाल्याला उचलून घेतलं आणि त्याच्या वजनाने दोघंही पडले. साहेबांनी काट्याच्या काचेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "चालू करा सेवा." मेव्हणी गर्दीतून पुढे आली. चपला काढून तिने हातात घेतल्या आणि बोटीत पाय ठेवला.

"भाऊजी, ताईने असंच केलं असतं, नाही?"

"तिने आधी मला चार शब्द सुनावले असते."

ती रडत रडत हसली. परतीच्या वाटेला ओढीच्या जागेवरून बोट सरळ गेली. मिस्त्रीने मान ताठ ठेवून खडकांकडे पाहिलं. खडक मागे पडले. त्या दिवशी तो जिंकला होता आणि ते त्याला कळत होतं.

आता बोट रोज जाते-येते. काटा हलत नाही. दुसरे बोटवालेही इंजिनं घेऊन येतात, त्यांनाही समुद्र बाहेर ठेवायचा असतो. अडचणीच्या जागी एवढं नीट कसं बसवतोस, असं विचारतात. सवय आहे, असं मिस्त्री सांगतो.

संध्याकाळी शेवटची फेरी झाली की तो खण पुसून घेतो आणि झाकण लावायच्या आधी फळीवर एक ठोका देतो. इंजिन बंद असतं, बोट धक्क्याला बांधलेली असते. मागून एक ठोका येतो.

तीन ठोके त्याने अजून दिलेले नाहीत.