सौमित्रचे डायलॉग

दर रविवारी जेवणं आटोपली की आल्हाद बैठकीतले पडदे ओढून तोच तो इंग्रजी सिनेमा लावायचा. लंडनमधली मढी उठून चालायला लागतात आणि दोन आळशी दोस्तांना त्याचा पत्ताच नसतो, असला सगळा हसवाहसवीचा कारभार. पाहून पाहून माणूस किती पाहील? पण वीस वर्षं झाली, याचं मन काही भरत नव्हतं.

बरं, पाहायचा तोही आवाज बंद करून. त्याला कारण सौमित्र. कॉलेजात असताना या दोघांना ते लंडनचं इंग्रजी ओ की ठो कळेना. मग सौमित्रच्या रांझी भागातल्या क्वार्टरमध्ये टीव्ही मुका करून दोघांनी आपलेच डायलॉग घातले, घरच्या बोलीत. शहाण्या दोस्ताचे आल्हादनं, गबाळ्याचे सौमित्रनं. लंडनची मढी मग कमानिया गेटच्या बाजारात गर्दीत धक्के खात बांगड्या बघत फिरायची. तेव्हापासून हा नेम पडला तो पडलाच. लग्न होऊन समिधा विजय नगरच्या घरात आली, तर रविवारची दुपार आधीच दुसऱ्याच्या नावावर लागलेली. ओटा पुसत ती त्या दोघांचं खिदळणं ऐकायची आणि तिचा नुसता जळफळाट व्हायचा. नवरा तिच्यापाशी तसा एकदाही हसला नव्हता.

मग सौमित्र डेंग्यूनं गेला. चार दिवसांत. समिधा रडली, खोटं कशाला बोला. पण रडता रडता तिच्या मनात आलं, चला, रविवार तरी सुटला. तिची तिलाच लाज वाटली.

सुटला कसला! आल्हाद एकटाच सोफ्याच्या डाव्या टोकाला बसू लागला. आपलं वाक्य म्हणायचं, सौमित्रच्या वाक्यापुरतं थांबायचं, पुढचं म्हणायचं. समिधा शाळेत गणित शिकवते. भुताखेतांवर तिचा काडीचा विश्वास नाही. दुःख आहे, ओसरेल, असं तिनं स्वतःला समजावलं. पण वर्षभरात तिच्या ध्यानात आलं, की थांबायच्या जागा बदलल्या आहेत. जिथं सौमित्रचे दोनच शब्द असायचे, तिथं आल्हाद आता अर्धा मिनिट गप्प बसायचा, मान डोलवायचा, आणि विनोद पहिल्यांदाच ऐकल्यासारखा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचा.

मेलेल्या माणसाचा कुणी हेवा करतं का? समिधा करायची. अगदी जीव खाऊन करायची.

गेल्या रविवारी ती हात पुसून बाहेर आली आणि सरळ सोफ्याच्या उजव्या टोकाला, सौमित्रच्या जागी जाऊन बसली. इतकी वर्षं ओट्यापाशी ऐकून सौमित्रचं प्रत्येक वाक्य तिला तोंडपाठ होतं. गादी कोमट लागली, आत्ताच कुणी उठून गेल्यासारखी.

"तू काहून आली इथं?" आल्हादनं विचारलं.

"सौमित्रभाऊंचे डायलॉग आज मी म्हणते. चालंल ना हो?"

पडद्यावर मढी रस्त्यावर आली. समिधानं पहिलं वाक्य म्हटलं.

"ते जुनं आहे," नजर न हलवता तो म्हणाला. "मागच्या रविवारी बदललं न त्यानं."

उठावं, असं समिधाला वाटलं. पण उठलं तर ही जागा परत त्याचीच होणार. ती इरेला पेटून तशीच बसली आणि पुढच्या वाक्याला तोंड उघडलं.

"अबे, त्या दिवशी ग्वारीघाटले सायकल सोडून पळाला तू! अजून तिथंच सडून राहिली ते."

हे तिनं कधीच पाठ केलेलं नव्हतं.

आल्हाद खो खो हसला. तिच्यापुढे हात करून त्यानं टाळी मागितली. समिधाला इतका आनंद झाला, की कुठली सायकल, कधी पळाला, हे विचारायचं तिला सुचलंच नाही. नवऱ्याला 'अहो'शिवाय हाक न मारणारी ती 'अबे' म्हणाली होती, हेही तिला फार उशिरा उमगलं.

वाक्यामागून वाक्य येत गेलं. तिला आठवावं लागत नव्हतं.

आल्हाद तिच्या खांद्यावर रेलून हसत होता. लग्नाच्या दहा वर्षांत पहिल्यांदा.

सिनेमा संपला. त्यानं तिच्या पाठीवर थाप मारली.

"मजा आली यार. चल, निघ आता. समिधाचं आटोपलंच असन."

अहो, मी इथंच आहे, असं ती म्हणणार होती.

"चलो. भेटू रविवारी," ती म्हणाली.

पाय आपोआप दाराकडे वळले. ती जिन्यावर आली आणि मागून कडी लागली. तिनं दार ठोठावायला हात उचलला.

आतून आल्हादचा आवाज आला. "समिधा, चहा टाकतेस का?"

आणि स्वयंपाकघरातून तिच्याच आवाजात कुणीतरी विचारलं, "आलं घालू का हो?"