अंकुशचं मीठ, दीक्षाचा चेहरा

मैत्रिणीचा, रीनाचा मेसेज आला तेव्हा दीक्षा 'चार घास'च्या दारात पोचलीसुद्धा होती. 'सॉरी यार, घरी पाहुणे टपकले. तू खाऊन घे.'

खाऊन घे म्हणे. एकटीनं? तेही अशा हॉटेलात, जिथं टेबलाटेबलावर बिअरचे उंच ग्लास, तळहाताएवढ्या ताटल्या आणि ताटलीत पोर्कचे मोजके चार तुकडे... क्षणभर तिला वाटलं, मागं फिरावं. पण हिंगण्याच्या बिस्किटांच्या कारखान्यात दिवसभर मालाला पास-नापास करणारी चोवीस वर्षांची मुलगी एका रिकाम्या खुर्चीला काय घाबरणार? ती ताठ मानेनं काउंटरला जाऊन बसली. समोरच स्वयंपाकघराची खिडकी होती.

सावजी मसाल्यातलं पोर्क आलं. पहिला घास तोंडात गेला आणि तिचे डोळे आपोआप मिटले. उघडले, तर खिडकीत दुसरे दोन डोळे – थेट तिच्याकडे लागलेले. काळे, काळजीत बुडालेले, जणू दहावीचा निकाल तिच्याच कपाळावर लागणार होता.

ती हसली. डोळे लगेच गायब.

पुढच्या शनिवारी ती रीनाला न सांगताच आली. पुन्हा पहिला घास, पुन्हा तेच डोळे. तिसऱ्या शनिवारी तर ताटली घेऊन तो स्वतःच बाहेर आला. पांढरा कोट, कॉलरच्या आत तुळशीची माळ. नाव अंकुश, गाव मौदा. तिनंही आपलं नाव सांगितलं.

"बिअर नाही घेत तुमी?" त्यानं तिच्या लिंबू-सोड्याकडे पाहत विचारलं.

"नाही. दर रविवारी आईसोबत विहारात पंचशील म्हणते. पाचवं शील मद्याचं आहे, ते पाळते. तुम्ही घेता वाटतं?"

"मी? मी तर पोर्कबी नाही खात." त्याचा हात माळेकडे गेला. "घरी सगळे माळकरी. माय म्हणाली, नोकरी हाय तर शिजव बाप्पा, पन तोंडात नको घालू. शब्द दिला तिले."

"म्हणजे पोर्क न खाणारा आचारी आणि बिअर न पिणारं गिऱ्हाईक."

"मंग जमते आपलं," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

"पण मग चव कशी कळते हो तुम्हाला?"

"कळते..." तिच्या चेहऱ्याकडे एकटक बघत तो हळूच म्हणाला.

त्या एका 'कळते'वर दीक्षानं अख्खा आठवडा काढला. कंपनीच्या बसमध्ये, बिस्किटांच्या ट्रेसमोर, प्रताप नगरच्या घराच्या गच्चीवर कपडे वाळत घालताना. चौथ्या शनिवारी ती मोरपंखी कुर्ता घालून आली.

त्या दिवशी नवा पदार्थ होता – संत्र्याच्या रसात मुरवलेल्या फासळ्या. तिनं घास घेतला. खारट! जिभेला झिणझिण्या आल्या. कारखान्यात तिनं असा माल डोळ्यांची पापणी न हलवता परत पाठवला असता. पण खिडकीत तो उभा होता... ती हसली. तोंड भरून, डोळे भरून हसली. त्याचा चेहरा उजळला आणि तो आत वळला.

पाठोपाठ फासळ्यांच्या ताटल्या सगळ्या टेबलांवर गेल्या. आणि मग एकेक करून परत येऊ लागल्या.

मालकीण शोभाताई खिडकीपाशी येऊन उभ्या राहिल्या. "सहा ताटल्या परत आल्या, अंकुश. तू चाखत नाही, तरी तुले शेगडीवर ठेवलं. काहून? तू म्हणाला, गिऱ्हाइकाचं तोंड पाहून मले मीठ समजते. आज कोनाचं तोंड पाहिलं?"

अंकुश हळूच म्हणाला, "त्या काउंटरवाल्या मॅडमचं."

दीक्षाच्या हातातला काटा थांबला. म्हणजे... ते डोळे मिठासाठी होते? चार शनिवार, आणि नुसतं मीठ?

"उद्यापासून तू कांदे चिर," शोभाताई म्हणाल्या. "शेगडी दुसऱ्याले देते मी."

गुपचूप उठून निघून जाता आलं असतं. पर्स खांद्यालाच होती. पण तिच्या एका खोट्या 'पास'मुळे त्याची शेगडी हातची चालली होती. ती खिडकीपाशी गेली.

"ताई, त्यांची चूक नाही. मीठ जास्त होतं. मला पहिल्या घासालाच कळलं होतं."

"मंग हसल्या काहून?" अंकुशनं विचारलं. आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं.

दीक्षाला वाटलं, जमीन दुभंगावी. मग वाटलं, नको, आता बोलूनच टाकावं. "चवीला नाही हसले मी... तुमच्याकडे बघून हसले."

अंकुशनं शेगडीची आच कमी केली.

"चूक माहीबी हाय," अंकुश खाली बघत म्हणाला. "पयले दोन शनिवार मिठासाठीच पाहिलं तुमच्याकडं. आज... आज मिठाचं ध्यानातच नव्हतं."

शोभाताईंनी कपाळावर हात मारला. "वा. तुमी दोघं एकमेकाचे तोंड पाहा, अन् माहे गिऱ्हाईक पानी पिऊन मरू द्या. आता दुसऱ्या फासळ्या कर. अन् तू वं पोरी, इकडं ये. भिंतीकडं तोंड करून खा. काय ते शब्दानं सांग."

दीक्षा भिंतीकडे तोंड करून स्टुलावर बसली. समोर नुसत्या पांढऱ्या टाइल्स. मागून ताटली आली.

"मीठ?" त्याचा आवाज.

"कमी आहे."

भांड्यांचा आवाज. पुन्हा ताटली.

"आता?"

तिनं सावकाश चावलं. कारखान्यात चावते तसं, प्रामाणिकपणे. "मीठ बरोबर. संत्र्याचा कडवटपणा थोडा पुढं येतोय... पण चांगला लागतोय. पास."

शोभाताईंनी स्वतः एक फासळी चाखली, मान हलवली आणि ताटल्या उचलून बाहेर नेल्या. "शेगडी तुह्याकडंच राहू दे," जाता जाता म्हणाल्या.

आत दोघंच उरले. तो तिच्या पाठीमागं उभा होता; श्वासाची चाहूल लागत होती.

"दीक्षा..." पहिल्यांदाच त्यानं नाव घेतलं. "सोमवारी मले सुट्टी असते. मिठाचं काही काम नाही... तरी भेटान का?"

टाइल्सवर तिला काही दिसत नव्हतं, पण आपल्या चेहऱ्याचं काय चाललंय हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"थांबा," ती म्हणाली. "हे शब्दानं नाही सांगत."

आणि ती वळली.