दुसरा ठोका

टण... टण.

पितळी तांब्या लोखंडी खाटेच्या पायावर दोनदा वाजायचा. हा आवाज मी वीस-बावीस वर्षं ऐकला. अजूनही कधी झोपेत ऐकू येतो, आणि मी कूस बदलून निवांत झोपतो. कारण दोन ठोके म्हणजे सगळं ठीक.

एका ठोक्याची गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. परवा सांगितली.

देवळाली प्रवरेच्या आमच्या शिवारात त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्री दहाला यायची. उसाला पाणी द्यायचं म्हणून मी, रविराज आणि त्याचा चुलतभाऊ पार्थ मोटारीच्या खोलीपाशी शेकोटी करून बसलो होतो. रविराज सगळ्यांत शेवटी आला.

"उशीर केलास रं," मी म्हणालो.

"विष्णुपंत गुरुजींनी अडवलं. दारातच बसल्याले. म्हणले, जरा बस रे माझ्यापाशी. म्हणलं, सकाळी येतो गुरुजी, लाईटीचा टाइम झालाय. त्यांचं एकदा चालू झालं की पाढ्यांपासनं सुरुवात हुती."

पार्थ हसला. "तुला सतराचा पाढा अजून येत न्हाई, म्हणून पळालास."

गुरुजींची बायको शोभाबाई गेल्या वर्षी वारली. तेव्हापासून ते एकटेच असतात. मला हसू आलं नाही.

"तात्या, गप का? एखादी भुताची सांगा," पार्थ म्हणाला.

"तात्यांना बघून भूतच वाट सोडतंय," रविराज म्हणाला.

"भुताची न्हाई," मी म्हणालो. "गोरक्षची सांगतो. माझा सोबती. जन्मात खोटं बोलला न्हाई तो."

गोरक्षची वस्ती पाणंदीच्या आत, पाव तास चालल्यावर. दोन्ही बाजूंनी ऊस. पाणंदीच्या तोंडाशी चांगुणाआत्याची एक खोली होती. आत्याला मूलबाळ नव्हतं, एकटीच राहायची. तिच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला.

तेव्हापासून आमच्याकडं एक रीत पडली. रात्री पाण्याला जाणारा माणूस तिच्या खोलीपाशी थांबायचा आणि हाक द्यायचा, "आत्या, बऱ्या हायेत का?" आतून तांब्याचे दोन ठोके यायचे. म्हणजे बरी आहे, जा. एकच ठोका आला, तर आत ये. एवढ्या वर्षांत तीनदाच एक ठोका आला. एकदा विंचू चावला होता, दोनदा ताप. तिन्ही वेळा माणसं हातातलं खोरं टाकून आत धावली. डॉक्टर म्हणायचे, गोळ्या मी देतो, पण ही म्हातारी जगतीय तुमच्या हाकेवर.

बावीस साली दिवाळी होऊन आठ दिवस झाले होते. गोरक्ष पाण्याला निघाला. तीन रात्री लाईट नीट आली नव्हती, ऊस सुकत चालला होता. आत्याच्या खोलीपाशी त्यानं हाक दिली.

टण.

तो थांबला. दुसरा ठोका येईना. तितक्यात लांब कुणाची तरी मोटार सुरू झाल्याचा आवाज आला. लाईट आली होती. गोरक्ष मनाशी म्हणाला, वारा हाय, दुसरा ऐकू आला नसंल. आणि तो गेला.

सकाळी आत्या खाटेखाली पडलेली सापडली. तांब्या आडवा, कोरडा. पाण्याचा माठ हातभर लांब.

शेकोटीत चिपाड फुटलं.

गोरक्षनं हे कुणाला सांगितलं नाही. आत्याच्या पुतण्यानं पंधरवड्यात खाट भंगारात विकली, खोलीला कुलूप घातलं. तांब्या तेवढा आतच राहिला. मेल्या माणसाच्या तोंडचा म्हणून कुणी नेला नाही.

मग आली तेवीस डिसेंबर. शुक्रवार, मार्गशीर्षातली अमावास्या. गोरक्षची नात ईरा तेव्हा चार वर्षांची. तिला दम्याचा त्रास. संध्याकाळी तिची छाती वाजायला लागली आणि तोंडात मारायचा पंप संपलेला. पोरीचा बाप पुण्याला कामावर. गोरक्ष गाडी काढून देवळालीला गेला. एक मेडिकल बंद, दुसऱ्यात पंप मिळाला. त्यानं पाण्याची एक बाटलीही घेतली.

परत आला तेव्हा नऊ वाजून चाळीस मिनिटं झाली होती. पाणंदीत पाटाचं पाणी फुटून चिखल झालेला. पाणंदीच्या तोंडाशी लाईटीच्या डीपीपाशी गाडी लावून तो चालत निघाला. बिबट्याच्या भीतीनं आपण सगळेच मोबाईलवर मोठ्यानं भजन लावून चालतो, तसं त्यानंही लावलं. आत्याच्या खोलीवरून जाताना त्यानं मान खाली घातली.

पुढं लिंबाचं झाड लागतं. तिथून डावीकडं वळलं की घराचा दिवा दिसतो.

लिंब आलाच नाही.

ऊस संपला आणि समोर आत्याची खोली.

गोरक्षला वाटलं, अंधारात आपणच उलटे फिरलो. तो वळला, भरभर चालला. पायाखाली तोच चिखल. त्याच चिखलात त्याच्याच चपलांचे ठसे.

पुन्हा खोली.

फोन वाजला. सून धनश्री रडत होती. "मामा, कुठं हाय तुमी? पोरीचे व्हट निळे पडाय लागल्यात..."

"आलोच बाई. हितंच हाय."

फोन तुटला. त्यानंतर लागेना. भजनही बंद झालं.

"चकवा लागला हुता," पार्थ हळूच म्हणाला.

व्हय. गोरक्षलाही ते कळलं. जुनी माणसं सांगायची तसा त्यानं सदरा काढून उलटा घातला. वाट सोडून सरळ उसात शिरला. पानांनी गाल कापले, हात कापले. सरी ओलांडत गेला, गेला, गेला. मोकळं लागलं.

खोली.

खिशात पंप. घर पाव तासावर. आणि चारी बाजूंनी ऊस भिंतीसारखा उभा. पान हलत नव्हतं. रातकिडा वाजत नव्हता.

टण.

आतून.

एकच.

गोरक्ष उभा राहिला. दुसऱ्याची वाट बघत. त्या रात्री बघितली नाही, तेवढी.

...

नाही आला.

त्याच्या तोंडून आपोआप हाक गेली. "आत्या... बऱ्या हायेत का?"

टण.

खाट तर भंगारात गेली होती. मग तांब्या वाजतोय कशावर?

त्यानं दाराला हात लावला. दार आत गेलं. मोबाईलच्या उजेडात खोली रिकामी. सारवलेल्या जमिनीवर खाटेच्या पायांच्या चार खुणा. मधे तांब्या, आडवा.

पळावंसं वाटलं. पण पळून पळून तो इथंच येत होता.

घरी नातीचा श्वास अडकलेला. आणि गोरक्ष त्या चार खुणांपाशी खाली बसला. तांब्या उभा केला. बाटलीतलं पाणी सगळं त्यात ओतलं.

"आत्या," तो म्हणाला, "मला ऐकू आलं हुतं. एकच वाजला हुता. वारा नव्हता."

काही नाही.

"मी आत यायला पायजे हुतं."

काही नाही.

"आता आलोय. बसतो."

उजेड विझला. बॅटरी संपली की काय झालं, त्यालाही सांगता आलं नाही. अंधारात तो बसून राहिला. नातीसाठी उठला नाही, हे सांगताना पुढं तो माझ्यापाशी लहान पोरासारखा रडला. पण त्या वेळी त्याला कळलं होतं, उठलो तर पुन्हा तेच.

किती वेळ गेला...

त्याच्या शेजारी कुणीतरी पाणी प्यायलं. घोट घोट. फार दिवसांची तहान असावी तसं.

मग...

टण.

टण.

गोरक्ष उठला. दारातून बाहेर पाऊल टाकलं आणि समोर लिंब. डावीकडं घराचा दिवा.

तो धावत गेला. धनश्रीनं पंप हिसकावून घेतला. दोन दाबे मारले, मग आणखी दोन. हळूहळू पोरीचे ओठ उजळले. धनश्री म्हणाली, "मामा, आणखी उशीर झाला असता तर..." भिंतीवरच्या घड्याळात दहाला दहा मिनिटं कमी होती. डीपीपासून घरापर्यंत नुसतं चालायलाच पाव तास लागतो.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो माझ्याकडं आला. सदरा अजून उलटाच होता. आम्ही दोघं आत्याच्या खोलीवर गेलो. दाराला कुलूप. गंजलेलं, कोळ्याच्या जाळ्यासकट. ते जाळं मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

"मग सपान पडलं असंल त्यांना," रविराज म्हणाला. पण त्याचा आवाज बारीक झाला होता.

मलाही तसंच वाटलं. म्हणून मी खिडकीच्या फटीतून आत बघितलं. चार खुणांच्या मधे गोरक्षची प्लास्टिकची बाटली उभी होती. आणि तिच्या शेजारी तांब्या. आडवा नव्हता. पाणी पिऊन झाल्यावर बायका धुऊन ठेवतात तसा, स्वच्छ, पालथा घातलेला.

माझं सांगून संपलं. शेकोटी विझत आली होती. पार्थ माझ्याजवळ सरकून बसला होता.

एवढ्यात मोटारीच्या खोलीतला दिवा लागला. लाईट आली होती. आजूबाजूच्या शिवारात एकेक मोटार सुरू झाली.

"रव्या, बटण दाब की," पार्थ म्हणाला.

रविराज उठला. त्यानं बॅटरी घेतली, पाण्याची कळशी घेतली. मोटारीकडं बघितलंसुद्धा नाही. बांध ओलांडून तो गुरुजींच्या घराच्या वाटेला लागला. मोटारीचं बटण मीच दाबलं.